पिकअपसाठी सस्पेन्शन किट घ्यायचंय? आधी धरमकाट्यावर जा

परवा रात्री धाकट्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, हायलक्स दोन इंच उचलायचीये, कुठलं किट टाकू, ते पिवळे शॉकअपवालं की निळं?" मी विचारलं, गाडीचं वजन किती भरतं? तर म्हणाला, वजनाचं काय, ते कंपनीच्या साइटवर असेलच की. म्हटलं थांब, काही बुक करू नकोस, मी सगळं नीट लिहूनच पाठवतो. तेच हे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत इंदूरातल्या आपल्या लोकांत पिकअप घेणारे बरेच वाढलेत आणि जो तो हाच प्रश्न विचारतो, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय. किट म्हणजे कंपनीच्याऐवजी टाकायच्या स्प्रिंग आणि शॉकअपचा संच.

मी स्वतः २०१९ पासून इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप चालवतो. सोमवार ते शुक्रवार सुदामा नगर ते पलासिया, शनिवारी-रविवारी सिमरोलच्या पुढे मामांचं शेत, पावसाळा सरला की चोरल, जानापाव, जाम दरवाजाच्या बाजूचे कच्चे रस्ते, आणि वर्षातून एकदा लांबचा दौरा. पहिलं किट मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलं, "हेवी ड्यूटी घ्या साहेब, आयुष्यभराची काळजी मिटली." मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) कायम ३०० किलो सामान असेल असं धरून बनवलेले होते, माझ्या गाडीत आठवड्याचे पाच दिवस मागे असते एक स्टेपनी आणि टूलकिट. काय व्हायचं ते झालं. स्पीडब्रेकरवर मागचा भाग उडायचा, आई मागच्या सीटवर बसायला नको म्हणायला लागली, आणि चढावर जिथे चाकाने जमिनीला चिकटून राहायला पाहिजे तिथे ते उड्या मारायचं, म्हणजे ज्या कामासाठी पैसे घातले तेच काम बिघडलं. आठ महिन्यांनी ते पाटे काढून हलके टाकले. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले.

म्हणून माझा क्रम आता पक्का आहे: आधी वजन, मग स्प्रिंग, मग शॉकअप, आणि उंची सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक बरोबर याच्या उलट जातात.

मुळात किट लागतंय का ते बघा

हे आधी करा कारण फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करून खाली वाका, टॉर्च लावून चारही शॉकअप बघा, नळीवर तेलाचा ओलसर पट्टा आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तर सील गेलंय. मागच्या पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) रबरी बुश बघा, रबर फाटून बाहेर आलेलं असतं, लोखंडाला लोखंड घासून चमकत असतं. पुढच्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक हेही बघून घ्या. ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झालेल्या गाडीत "सस्पेन्शन बेकार झालंय" म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं, आणि नवे कंपनीचेच शॉकअप आणि बुश टाकले की गाडी परत नव्यासारखी होते.

दुसरं, टायरची हवा. मामांच्या शेताच्या रस्त्यावर मी ३२-३४ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवतो, आणि त्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कित्येक किटांनी पडत नाही. फक्त परत डांबरी रस्त्याला लागायच्या आधी भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर गाडीत पाहिजेच. हवा कमी करून दोन-तीन वेळा त्याच रस्त्याने जाऊन बघा, मग ठरवा.

कंपनीच्या सस्पेन्शनला एकदम शिव्याही घालू नका. आपल्याच पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला तो ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सगळ्यांना माहिती आहे, पण तिथे मुद्दाम बनवलेले खराब रस्ते, गोट्यांचे, कच्चे, ऑफ-रोड असेही ट्रॅक आहेत, आणि कंपन्या अशाच जागी गाड्या रगडून रगडून सस्पेन्शन ठरवतात. पण त्यांना एकच गाडी सगळ्या गिऱ्हाइकांना द्यायची असते, रिकामी चालवणाऱ्यालाही आणि ठासून भरणाऱ्यालाही. पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना दणके देतो तो याचमुळे, पाटे भरलेल्या गाडीचा विचार करून दिलेले असतात. आपल्याला आपली एकच गाडी आणि आपलं एकच वजन माहिती असतं, आणि आपण कंपनीपेक्षा चांगलं निवडू शकतो ते फक्त एवढ्याच बाबतीत.

काट्यावर दोन चकरा

देवास नाक्याकडे, लोहा मंडीत, जिथे ट्रकांची वर्दळ तिथे धरमकाटा, म्हणजे अख्खी गाडी तोलायचा वजनकाटा, असतोच. सकाळी लवकर जा, रांग नसते आणि काट्यावाला नीट बोलतो. त्याला आधीच सांगा की तीन वजनं पाहिजेत: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्णाच्या जवळपास आलं पाहिजे, नाही आलं तर गाडी तिरकी उभी होती, परत करा. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक चालतो.

ही चकर दोनदा मारायची. एकदा रोजच्या अवस्थेत, टाकी फुल, तुम्ही एकटे. दुसऱ्यांदा दौऱ्याला निघता तशी, घरची मंडळी, तंबू, पाणी, गॅस, सगळं सामान भरून. माझ्या गाडीच्या वजनाच्या दोन चिठ्ठ्या अजून ग्लोव्हबॉक्समध्ये आहेत: रोजची पुढे ११३०, मागे ८५०, दौऱ्याची पुढे ११७०, मागे ११३०. म्हणजे पुढे जेमतेम ४० किलोचा फरक आणि मागे २८०. हे दोन आकडे पहिल्या किटच्या आधी माझ्या हातात असते तर दुकानदाराला मीच सांगितलं असतं की मला कायम ३०० किलोवाले पाटे नकोत, माझं ओझं येतं आणि जातं.

सामान कुठे ठेवता तेही मोजा. मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसचा व्हीलबेस साधारण ३.१ मीटर आहे, आता १०० किलोची पेटी ॲक्सलच्या एक मीटर मागे, फाळक्याजवळ ठेवली तर मागच्या ॲक्सलवर १०० नाही, १३२ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे ३२ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं हलकं वाटतं ते त्यामुळे. म्हणून पाण्याचे कॅन, बॅटरी, टूलबॉक्स केबिनला चिकटून ठेवा, कधी कधी फक्त सामान पुढे सरकवल्यानेच मागचं बसणं कमी होतं आणि एका नंबराने हलकी स्प्रिंग चालून जाते.

पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) लावायचा विचार असेल तर स्टीलच्या दोरासकट ३५-४० किलो धरा, सिंथेटिक दोर घेतला तर आठ-दहा किलो वाचतात. लोखंडी बुलबारचं (बंपरपुढे लावायचा गार्ड) मात्र मी सरळ नको म्हणून सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलंय, पायी चालणाऱ्याच्या जिवाला धोका तो वेगळाच, आणि पुढच्या स्प्रिंगवर पन्नास-साठ किलो कायमचे.

आणि दौऱ्याचं पूर्ण वजन आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा जास्त भरलं तर थांबा. जाड पाटे टाकल्याने गाडी बसलेली दिसत नाही, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस तेच असतात, त्यांची ताकद एका किलोनेही वाढत नाही. तिथे उपाय एकच, सामान कमी करा.

काट्यावरून घरी आलात की लगेच टेप घ्या. सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या, चारही चाकांचं, मिलिमीटरमध्ये, आणि वहीत लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला किंवा हवा कमी असली की माप बदलतं. ही चार मापं पुढे फार कामाला येतात, दुकानदार म्हणेल ५० मिमी लिफ्ट झाली, तुम्ही वही काढून खरी किती झाली ते दाखवू शकता.

स्प्रिंग

पुढे कॉईल, मागे पाटे, हे व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हीत सारखंच आहे, पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. किटांच्या कॅटलॉगमध्ये पुढच्या कॉईलचे पर्याय असतात, कंपनीचाच बंपर असेल तर एक, बंपरवर वजन असेल तर दुसरा, विंचसकट असेल तर तिसरा. मागे तसंच, रिकामी ते हलकं वजन, मध्यम, आणि कायमचं जास्त वजन. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग, डॉबिन्सन्स या ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या किटात हे वर्गीकरण चांगलं केलेलं असतं, कारण त्यांच्याकडे पिकअप हीच घरची गाडी. नाव कुठलंही घ्या, पण पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचा नंबर तुमच्या वजनाच्या चिठ्ठीवरून ठरला पाहिजे. विक्रेत्याने वजन विचारलंच नाही आणि थेट किटचा फोटो पाठवला, तर त्याच्याकडून घेऊ नका, मी तरी घेणार नाही.

आता नेमकी कुठली? रोजच्या वजनाला धरून घ्या, दौऱ्याच्या नाही. वर्षाचे ३४० दिवस तुम्ही रिकामे फिरता. दौऱ्यात मागचं थोडं बसेल, बसू द्या, बंपस्टॉपपर्यंत (ॲक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) जात नाही ना एवढं बघा. ज्यांच्या मागे कॅनोपी, ड्रॉवर, दुसरी बॅटरी हे कायम बसवलेलं आहे त्यांचं रोजचंच वजन दीडशे किलोने जास्त असतं, त्यांनी मध्यम घ्यायला हरकत नाही. कायम जास्त वजनवाले पाटे फक्त त्यांनाच, जे खरंच रोज माल नेतात.

पाट्यांची संख्या मोजून फसू नका. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर चालतो, म्हणजे तोच पाटा ६ ऐवजी ८ मिमीचा केला तर तो जवळजवळ २.४ पट कडक होतो. कॉईलची तार तर त्याहून तिखट, तिथे चौथा घात लागतो, तार १० टक्के जाड झाली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक. म्हणून सहा पातळ लांब पाटे हे चार जाड पाट्यांपेक्षा मऊ आणि चांगले असू शकतात. आपल्याकडे पाटे ठोकणारे जुने कारागीर आहेत, त्यांचा हात चांगला आहे आणि मालवाहू गाडीसाठी मी आजही त्यांच्याकडेच जाईन, पण "एक पाटा चढवून देतो, उचलली जाईल" हे ऑफ-रोडच्या गाडीला करू नका. उंची मिळते आणि लवचिकपणा जातो, मग खड्ड्यात चाक खाली उतरतच नाही, हवेत राहतं.

पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर ठेवून उचलणं हा आणखी एक स्वस्त प्रकार. स्ट्रटच्या (कॉईल आणि शॉकअपची एकत्र जोडी) डोक्यावर २५ मिमीची चकती घातली की गाडी साधारण दुप्पट, ४५-५० मिमी उचलली जाते, कारण स्ट्रट आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेला असतो, चाक टोकाला. पण शॉकअप तोच जुना, चाल तेवढीच, फक्त सगळं खाली सरकलं. मग चाक खाली लोंबतं तेव्हा आर्म आपल्या हद्दीच्या पार जातो, बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) वाकड्या कोनात काम करतात. मी हे सुचवत नाही.

आणि मागे एअरबॅग, म्हणजे पाट्यांच्या जोडीला लावायची हवेची पिशवी. ओझं उचलायला सोपा उपाय वाटतो, पण पाट्यांवरचं वजन चेसिसवर दोन टोकांना, पुढच्या आणि मागच्या हँगरला वाटलं जातं, एअरबॅग ते सगळं मधल्या एकाच जागी देते. डबल केबिन पिकअपची लोडबे ॲक्सलच्या बरीच मागे जाते, त्यात मागे ओझं आणि खाली खड्डे, अशात चेसिस वाकल्याची उदाहरणं ऑस्ट्रेलियात भरपूर आहेत. योग्य पाटे घ्या, एअरबॅगची गरज पडायलाच नको.

शॉकअप

लोकांना शॉकअप म्हणजे दणका झेलणारी वस्तू वाटते. दणका स्प्रिंग झेलते, शॉकअप तिला उड्या मारू देत नाही, तिची ताकद तेलातून फिरवून उष्णतेत बदलतो. म्हणूनच तो तापतो, आणि तापणं हाच त्याचा खरा प्रश्न आहे.

मागच्या डिसेंबरात जाम दरवाजाच्या खालच्या अंगाला एका नालीदार (पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या) कच्च्या रस्त्यावर आम्ही दोन गाड्या घेऊन बारा-तेरा किलोमीटर गेलो. थांबलो तेव्हा माझ्या मित्राच्या गाडीच्या मागच्या शॉकअपवर मी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, चर्र आवाज करून वाफ झाली. त्याचे कंपनीचे साधे ट्विन ट्यूब होते. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये त्याची गाडी नावेसारखी हलत होती, मी मागून बघत होतो. वीस मिनिटं थांबलो, चहा केला, परत निघालो तर गाडी पुन्हा बरी. तेल तापून पातळ होतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि पिस्टन तेलाऐवजी फेसातून फिरतो. थंड झालं की परत जमतं. सील मात्र प्रत्येक वेळी थोडं थोडं मरतं. हात लावून बघू नका बरं का, चांगलाच चटका बसतो.

प्रकार तीन-चार आहेत. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते, स्वस्त, चाल मऊ, बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन बहुतेक वेळा फिरत राहतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि दाबाखालचा गॅस एका तरंगत्या पिस्टनने वेगळे केलेले, उष्णता थेट बाहेर जाते म्हणून लवकर थकत नाही, बिल्स्टाइन यासाठीच प्रसिद्ध आहे. पण नळीला खोल पोचा आला की पिस्टन तिथेच अडकतो. चोरल नदीच्या पात्रातले गोटे ज्याने बघितलेत त्याला हे वेगळं सांगायला नको, मोनोट्यूब घ्याल तर दगडापासून वाचवणारं कव्हर बरोबरच घ्या. तिसरा फोम सेल, तो ट्विन ट्यूबच, पण जाडजूड, तेल जास्त आणि गॅसच्या जागी फोम, त्यामुळे फेस होत नाही. टफ डॉग आणि आयर्नमॅनचे फोम सेल बरेच चालतात. आणि चौथे ते बाहेर डबा लावलेले, रिमोट रिझर्व्हॉयरवाले, दिसायला जबरदस्त, वाळवंटात तासन् तास वेगाने पळवणाऱ्यांसाठी खरंच उपयोगाचे. आपल्या माळव्यात तेवढा वेग काढायला जागाच नाही, दहा-वीसच्या वेगाने दगडातून सरकायचं असतं, किंवा काळ्या मातीच्या चिखलातून. ते पैसे चांगल्या टायरांवर घाला.

माझी निवड विचाराल तर आपल्या भागासाठी फोम सेल किंवा चांगला मोठ्या नळीचा ट्विन ट्यूब. जो वर्षातून एकदा लडाख-स्पितीचे लांब नालीदार रस्ते करतो त्याने मोनोट्यूब. ज्याचं ओझं सतत बदलतं त्याने बाहेरून नॉब फिरवून कडक-मऊ करता येणारे घ्यावेत, पैसे जास्त जातात पण तिथे ते वसूल होतात.

स्प्रिंग आणि शॉकअप एकाच किटचे घ्या, जुगाड नको. कडक स्प्रिंग दाबली गेली की तेवढ्याच जोराने परत उघडते, तिला अडवायला शॉकअपमध्ये तेवढं रिबाउंड, म्हणजे उघडताना धरून ठेवायची ताकद, पाहिजे. नव्या स्प्रिंगवर जुने शॉकअप ठेवले तर गाडी दोन-तीनदा डोलते, आणि उलट केलं, मऊ स्प्रिंगवर फार कडक शॉकअप, तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत जाते, वर यायला वेळच मिळत नाही.

उंची किती

४० ते ५० मिमी. त्याच्या वर घरच्या गाडीला जाऊ नका.

कारण सांगतो. पुढे चाक आणि डिफरन्शियल यांना जोडणारे शाफ्ट जितके तिरके होतील तितके सीव्ही जॉइंटचे रबरी बूट घड्या पडून घासतात आणि फाटतात. फाटले की ग्रीस फेकलं जातं, रिमच्या आतल्या बाजूला काळा पंख्यासारखा पट्टा दिसतो, मग आत माती जाते आणि जॉइंट कटकट वाजायला लागतो. कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, एबी रोडवर शंभरच्या वेगाला गाडी तरंगल्यासारखी वाटते. ५० मिमीपर्यंत बऱ्याच गाड्यांत अलाइनमेंटने हे सावरता येतं, त्याच्या पुढे वेगळे अप्पर कंट्रोल आर्म लागतात आणि खर्चाला शेवट राहत नाही.

अजून एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. मागचा ॲक्सल अखंड आहे, डिफरन्शियलचा गोळा त्याच्या पोटात, आणि सस्पेन्शन कितीही उचललं तरी तो गोळा जिथे होता तिथेच राहतो. वर जाते ती चेसिस. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर तोच गोळा अडकतो आणि त्याला उचलायला एकच उपाय, मोठा टायर. २५५/६० आर १८ चा व्यास साधारण ७६३ मिमी, २६५/६५ आर १८ चा ८०२, म्हणजे गोळ्याखाली फायदा फक्त १९ मिमी, आणि स्पीडोमीटर ५ टक्के कमी दाखवणार ते वेगळं. मग लिफ्ट कशाला? पुढचा-मागचा कोन सुधारतो म्हणजे तीव्र चढ-उतारावर बंपर जमिनीला लागत नाही, पोट लागत नाही, आणि लांब शॉकअप असतील तर चाकाला खाली उतरायला चाल मिळते. यातलं तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणून विक्रेत्याला उंचीच्या आधी हे विचारा की शॉकअपची उघडी लांबी कंपनीच्यापेक्षा किती जास्त आहे.

कोटेशनमध्ये काय काय पाहिजे

इम्पोर्टेड किटचे भाव डॉलर आणि ड्यूटीबरोबर हलतात, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. दोन-तीन ठिकाणचं लेखी कोटेशन घ्या आणि त्यात या वस्तू आहेत का बघा: पाटे ॲक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट (जुने एकदा ताणले की परत वापरायचे नसतात), पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, ग्रीस निपलवाल्या पिना, लागत असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगची पॅकिंग, ब्रेकचा होझ पुरत नसेल तर लांब होझ, फिटिंग आणि अलाइनमेंट. बुश आणि सील नंतर सुटे मिळतात का आणि किती दिवसांत, हेही विचारा, एका बुशसाठी महिनाभर गाडी उभी ठेवणारे लोक मी बघितलेत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ माहितीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मोठी लिफ्ट, बॉडी लिफ्ट, चेसिसला वेल्डिंग याच्या वाटेलाच जाऊ नका. छोटा बदल असला तरी आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा, क्लेमच्या वेळी तोंडी बोलणं कामाला येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारून घ्या.

फिटिंगच्या दिवशी तिथेच बसा

अख्खा दिवस जातो, जाऊ द्या, पोहे खाऊन सकाळी नऊला पोचा आणि संध्याकाळपर्यंत हलू नका.

दाबलेली कॉईल स्प्रिंग म्हणजे जिवाशी खेळ आहे. भिंतीला लावलेला किंवा उभा प्रेस असलेल्या ठिकाणीच स्ट्रट उघडू द्या, दोन हुक अडकवून पाना फिरवणाऱ्याकडे नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशच्या बोल्टांचं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना मिस्त्री पूर्ण ताकदीने बोल्ट आवळतो, बुशचं रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं आणि उंचीही खोटी दिसते. बरोबर पद्धत अशी की लिफ्टवर नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून हलवायची, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. आमच्या मिस्त्रीला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "भिया, ये तो आज तक किसी ने बोला ही नहीं," आणि त्या दिवसापासून तो सगळ्या गाड्यांना असंच करतो.

ब्रेकच्या बाबतीत एक तपासा. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, चेसिस खाली बसली की मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामीच आहे, भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. तो असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यायची. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून, चाकं लोंबत असताना ब्रेकचे होझ आणि एबीएसच्या वायरी कुठे ताणतात का ते स्वतः बघा. मग अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा प्रिंट दोन्ही मागून घ्या. आणि त्याच संध्याकाळी हेडलाइट खाली करा, समोरच्याच्या डोळ्यात जातात.

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायचे, ५०० नंतर पुन्हा, नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात. महिन्याभराने चार मापं परत घ्या, नवी स्प्रिंग पाच-दहा मिमी बसते, तेवढं चालतं. डाव्या-उजव्यात फार फरक दिसला तर विचारायला जा. स्पीडब्रेकर उतरताना पुढून टक् असा आवाज आला तर स्प्रिंग जास्त दाबून बसवलीये, शॉकअप वरच्या टोकाला आपटतोय, हे चालवून घेऊ नका. पावसाळ्यात काळी माती पाट्यांच्या मध्ये आणि शॉकअपच्या दांड्यापाशी भरून बसते, सुकली की विटेसारखी होते, म्हणून शेतातून आल्यावर ओली असतानाच खालून पाणी मारायचं. सील टिकवायला याच्यासारखा उपाय नाही.

भावाची चिठ्ठी काल संध्याकाळी आली, एकदा मनावर घेतलं की करतो तो. रोजची: पुढे १२३०, मागे ९६०. दौऱ्याची: पुढे १२७०, मागे १२१०. बंपर कंपनीचाच, विंच नाही, मागे फक्त झाकण. त्याला सांगितलंय, पुढे कंपनीच्या बंपरवाली कॉईल, मागे हलक्या वजनाचे पाटे, फोम सेल शॉकअप, ४० मिमीच्या वर नाही, आणि दौऱ्याला पाण्याचे दोन्ही कॅन केबिनला चिकटून. रंग पिवळा का निळा ते त्याचं तो बघेल. रविवारी सकाळी त्याच्या गाडीची चार मापं घ्यायला टेप घेऊन जातोय.